ह्युंदाईचा आयपीओ: कंपनी खणखणीत, भाव चढा

जळगावच्या सराफात अंगठी घेताना गिऱ्हाईक सोन्याचा भाव वेगळा विचारतं आणि मजुरी वेगळी. आयपीओत, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीत, मात्र तेच गिऱ्हाईक नुसतं दुकानाचं नाव वाचतं. ऑक्टोबर 2024 मधला ह्युंदाई मोटर इंडियाचा इश्यू (हीच शेअरविक्री) 27,870 कोटींचा, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. भाव 1,865 ते 1,960 रुपये, लॉट, म्हणजे अर्जाचा किमान गठ्ठा, 7 शेअरचा, म्हणजे वरच्या भावाने 13,720 रुपये. माझ्याकडून कंपनीला पाचपैकी चार गुण, इश्यूला दोनच.

दोन का, ते प्रॉस्पेक्टसमध्येच (इश्यूच्या माहितीपत्रकात) लिहिलेलं होतं. सगळा इश्यू ‘ऑफर फॉर सेल’, म्हणजे जुन्या मालकाच्याच शेअरची विक्री. विक्रीचा पैसा कोरियातल्या मूळ कंपनीचा, इथल्या कंपनीच्या गल्ल्यात छदामही नाही. 2023-24 चा नफा सुमारे 6,060 कोटी, शेअर 81.25 कोटी. भागाकार केला की शेअरमागे कमाई 75 रुपयांच्या आत येते, म्हणजे 1,960 हा भाव कमाईच्या 26 पट. शिवाय विक्रीवर मूळ कंपनीला साडेतीन टक्के रॉयल्टी (नाव आणि तंत्रज्ञान वापरण्याचं शुल्क). इश्यूनंतरही प्रवर्तकांकडे, म्हणजे मूळ कंपनीकडे, 82.5 टक्के हिस्सा राहिला. नियमाप्रमाणे तो 75 वर आणावा लागतो, म्हणजे पुढेही माल बाजारात येणारच.

खरी गंमत वाटपात झाली. इश्यू एकूण 2.37 पट भरला, म्हणजे विक्रीच्या शेअरच्या तेवढ्या पट मागणी आली, पण तो मोठ्या संस्थांच्या जोरावर. किरकोळ गुंतवणूकदारांचा कोटा (राखीव वाटा) निम्माच भरला. गाजलेल्या इश्यूत एक लॉट लागला तरी नशीब, या सवयीने कुणी 14 लॉट भरले असतील तर त्यांना 98 च्या 98 शेअर मिळाले आणि खात्यातून 1,92,080 रुपये गेले. तेही दिवाळीच्या तोंडावर, रब्बीच्या बियाण्या-खताला पैसा हवा असताना! म्हणून जेवढे शेअर खरोखर पचतील तेवढेच लॉट भरावेत. सहज पदरात पडणारा इश्यू बहुधा इतर किरकोळ गुंतवणूकदारांनी नाकारलेला असतो. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) साइटवर गटवार आकडे पाहा. किरकोळ कोटा एक पटीच्याही खाली दिसला तर अर्ज रद्द करता येतो, मात्र मुदत संपण्याआधी.

अर्ज बाद होण्याची कारणं ठरलेली. दुसऱ्याच्या बँक खात्यावरचा यूपीआय, एका पॅनवर दोन अर्ज, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी 5 पर्यंत मॅन्डेट (रक्कम अडकवण्याची यूपीआयवरची परवानगी) मंजूर न करणं. रक्कम खात्यातच अडकून राहते, वाटप झालं तरच कापली जाते. भावाच्या रकान्यात ‘कट-ऑफ’, म्हणजे ठरेल तो भाव मान्य, हे निवडावं. कमी भाव लिहिला आणि इश्यू वरच्या भावाला ठरला, तर अर्ज वाया.

22 ऑक्टोबरला एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) शेअर पहिल्यांदा 1,934 ला उघडला आणि दिवसअखेर इश्यूच्या भावापेक्षा सुमारे 7 टक्के खाली आला. 14 लॉटवाल्याचा कागदावरचा तोटा जवळपास एका लॉटच्या किमतीइतका. शेअर बाजारात येतो त्याच दिवशी विकायचं असेल तर सकाळी 9 ते 9:35 मध्ये ऑर्डर टाकता येते, नेहमीचा व्यवहार 10 ला सुरू होतो. पुढे 2025 मध्ये हाच शेअर 2,500 च्या वर गेला. पण त्याआधी तो बराच काळ इश्यूच्या भावाखाली, कुणालाही घेता येईल असा बाजारात पडून होता. अर्ज नाही, मॅन्डेट नाही, आणि 7 च्या पटीत घेण्याची सक्तीही नाही.