कुजलेल्या लाकडासाठी इपॉक्सी संच: भाड्याच्या घरात काही महिने वापरल्यावर

भाड्याने द्यायला घेतलेल्या जुन्या घरात हा दोन भागांचा इपॉक्सी (मिसळल्यावर घट्ट होणारं राळेसारखं रसायन) संच वापरला: आत मुरणारा पातळ द्रव आणि वरून भरायची लांबी, म्हणजे पुटी. पावसात व्हरांड्याच्या तुळईचं टोक मऊ पडलं, म्हणून हे लिहितोय.

आधी चांगलं. खिडक्यांच्या चौकटींना हा माल उत्तम आहे. टणक लाकूड लागेपर्यंत पटाशीने खरवडा, द्रव पिऊ द्या, मग लांबी भरा. घट्ट झाल्यावर त्यावर पॉलिश पेपर चालतो, स्क्रूही धरतो. उन्हाने इपॉक्सी खराब होतं, त्यामुळे वरून रंग हवाच. नव्या चौकटींचा खर्च वाचला तेव्हा पाच तारे देणार होतो.

राग आहे तो सूचनांच्या कागदावर. ‘लाकूड कोरडे असावे’ एवढंच लिहिलंय. किती कोरडं? आकडाच नाही! कुजवणारी बुरशी साधारण 20 टक्क्यांच्या वर ओलावा असला की जोर धरते. हाताला कोरडी लागणारी आमची चौकट दोन सुयांच्या ओलावामापकावर 26 टक्के दाखवत होती. हा मापक संचाइतकाच गरजेचा आहे. त्यातही खांबाची आणि तुळईची कापलेली टोकं आधी तपासा, पाणी तिथूनच सर्वांत जास्त शोषलं जातं. बोरेट (बुरशी आणि कीड रोखणारा क्षार) लावणार असाल तर मोजणी त्याआधी करा, क्षारांमुळे नंतर आकडा फुगतो.

आता तुळई. डब्यावर ‘स्ट्रक्चरल दुरुस्तीसाठी’, म्हणजे भार पेलणाऱ्या भागांसाठी, असं छापलंय, त्या भरवशावर ठेकेदाराने टोक भरून घेतलं. लांबी आजही दगडासारखी आहे, पण तिच्या मागच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर सहज घुसतो. वरच्या पन्हळीचा सांधा गळत होता. लाकूड फुगतं, आक्रसतं, लांबी तशी हलत नाही. कडेने चीर पडली, पाणी आत गेलं आणि तिथेच अडकलं. शिवाय काही बुरशींमध्ये लाकूड डोळ्यांना धड दिसत असतानाच ताकद बरीच गेलेली असते, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, थर जाड द्या. ज्याच्याखाली माणसं उभी राहणार त्या तुळईबद्दल असं बोलणं मला अजून खटकतं.

शेवटी आधी पन्हळ दुरुस्त केली. सुताराने टेकू देऊन कुजका भाग कापला आणि दोन्ही बाजूंनी नवं लाकूड बोल्टने जोडलं. बोल्ट किती आणि कुठे, हे इंजिनिअरने ठरवलं. संचाच्या कितीतरी पट खर्च आला, तरी भाडेकरू येण्याआधी तो करायलाच हवा होता.

चौकटींसाठी चार तारे, भार पेलणाऱ्या लाकडासाठी एकही नाही. उरलेला डबा स्वयंपाकघरातल्या खिडकीला वापरणार आहे. तिथला ओलावा अजून 22 टक्के आहे, तो खाली येईपर्यंत झाकण उघडणार नाही.