'नाइट ट्रॅप': पाच महिने वापरल्यावर

पाच महिन्यांपूर्वी सेल लागला होता तेव्हा 'नाइट ट्रॅप' या जुन्या व्हिडिओ गेमची पंचविसाव्या वर्षानिमित्त निघालेली आवृत्ती कॉम्प्युटरवर घेतली. तेव्हापासून शनिवारी भाची आली की जेवणं उरकून आम्ही दोघं ती लावून बसतो. एक फेरी अर्ध्या तासाच्या आसपास संपते. एवढ्याशा गोष्टीला पाच महिने कसे पुरले, तेच सांगायचंय.

हा म्हटलं तर सिनेमा, म्हटलं तर खेळ. मार्टिन नावाच्या कुटुंबाच्या घरी पाच मुली रात्रीच्या मुक्कामाला आल्यात. यजमान आहेत रक्तपिपासू, आणि काळ्या कपड्यांतले, तोंड झाकलेले 'ऑगर' घरभर लंगडत फिरतायत. घरात आठ ठिकाणी कॅमेरे आहेत. आपण मुलींना वाचवायला नेमलेल्या पथकातले, आणि आपल्याला एका वेळी एकाच कॅमेऱ्यातून बघता येतं. ऑगर नेमक्या जागी आला, पडद्यावरची पट्टी लाल झाली की सापळ्याचं बटण दाबायचं. कुठे जमीन उघडते, कुठे भिंत गर्रकन फिरते, आणि स्वारी आत गडप.

यातली खरी गंमत पहिल्या आठवड्यात कळत नाही. आम्ही स्वयंपाकघरातली धमाल बघत बसलो की तिकडे जिन्यावरून दोघं निसटलेले असायचे. निसटलेले जास्त झाले की आपल्या पथकाचा अधिकारी चिडून थेट संपर्कच तोडतो, आणि मग पहिल्यापासून सुरुवात. त्यात सापळ्यांचा एक रंगाचा कोड असतो. घरातली माणसं तो मध्येच बदलतात, आणि नवा रंग कोणता ते त्यांच्या बोलण्यातूनच कळतं. त्या वेळी आपण दुसऱ्या खोलीत असलो तर बटण दाबून काहीच होत नाही. पहिले दोन शनिवार मी वैतागून उठलो होतो, हे खरं.

मग भाचीने वही काढली. दोनशे पानी, शाळेतली उरलेली. डावीकडे मिनिट-सेकंद, मधे खोली, उजवीकडे किती आले. मी बटणांवर, ती वहीवर. ''मामा, बेडरूम! आता हॉल! अरे, बोलणं ऐक, रंग बदलतोय!'' दीड महिन्यात ती वही इतकी भरली की समासातही वेळा लिहिल्यात. एकट्याने खेळण्यापेक्षा दोघांनी खेळण्याचीच ही वस्तू आहे, असं माझं ठाम मत झालंय.

आणि या धावपळीत सिनेमा राहून जातो. बैठकीच्या खोलीत मुली टेनिसची रॅकेट गिटारसारखी धरून शीर्षकगीतावर नाचतात, ते गाणं आम्ही सलग बघितलं ते तिसऱ्या महिन्यात. ते चालू असतानाच इतर खोल्यांतही काही ना काही चाललेलं असतं. प्रत्येक फेरीत काहीतरी सुटतंच, आणि जे सुटलं त्यासाठी पुढच्या शनिवारी परत बसावंसं वाटतं. या आवृत्तीत सगळे प्रसंग नुसते बघायची सोय दिलीय. माझी कळकळीची विनंती आहे, ती इतक्यात उघडू नका. आधी चुका, धावा, मग बघा.

चित्रीकरण १९८७ सालचं, कॅलिफोर्नियातलं. तेव्हा सीडीचा विचारच नव्हता. हॅस्ब्रो ही खेळण्यांची कंपनी व्हीएचएस टेपवर चालणारं एक यंत्र बनवत होती. एकाच टेपवर अनेक दृश्यं गुंफलेली, आणि आपण निवडू ते पडद्यावर. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघितलेल्या माझ्या पिढीला विचारा, टेपकडून असं काम करून घेणं म्हणजे काय ते! ते यंत्र बाजारात आलंच नाही. फुटेज पडून राहिलं आणि १९९२ मध्ये सेगा सीडी या खेळाच्या यंत्रावर प्रकाशित झालं, तेही बारीक चौकटीत, मोजक्या रंगांत. आताच्या आवृत्तीत चेहरे स्वच्छ दिसतात आणि आठही खोल्यांची हलती छोटी चित्रं एकदम समोर असतात. पैसा थोडा होता हे सेटवर दिसतं. पण नटमंडळींनी काम मन लावून केलंय, आणि म्हणूनच हसू येतं. रक्तपिपासूंनी मानेला चावायचं नाही, हेही ठरवलेलं. मुलांना नक्कल करता येऊ नये म्हणून रक्त काढायला हातात एक विचित्र यंत्र दिलं.

इतकी काळजी घेऊनही डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या सुनावणीत याच खेळाला हिंसाचाराचा नमुना म्हणून उभं केलं गेलं. बाथरूममधल्या नाइटगाउनच्या दृश्यावरून रान उठलं. यात खेळणाऱ्याने करायचं काय, तर मुलींना वाचवायचं! मला हा अन्याय वाटतो, आणि पाच महिने त्या मुलींसाठी जीव काढल्यावर तर जास्तच वाटतो. त्या गदारोळातून पुढच्या वर्षी खेळांना वयोगट देणारी व्यवस्था आली, हे चांगलंच झालं. आणि २०१७ मध्ये हाच खेळ परत आला तेव्हा तिथे तो किशोरवयीन मुलांसाठी ठीक ठरला. भाची सतरा वर्षांची आहे. तिच्यासोबत बघताना मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही.

उणिवा सांगायच्या तर चुकलं की पुन्हा शून्यापासून, ही मोठी. कामावरून थकून आल्यावर ते नको होतं. शेवटच्या पाच मिनिटांत ऑगर इतक्या भराभर येतात की एकही संवाद धड ऐकू येत नाही. इंग्रजी कानाला सरावाचं नसेल तर कोडचा रंग पकडणं अवघड जाईल.

तरीही मी घ्याच म्हणेन, आणि ते डॅना प्लॅटोसाठी. केली ही तिची भूमिका, म्हणजे मुलींत मिसळून राहिलेली आपली गुप्त साथीदार. घरात तीच एकटी कॅमेऱ्याकडे बघून थेट आपल्याशी बोलते, आपल्यावर भिस्त टाकते. डॅना १९९९ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेली. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. वही उघडली, नवीन पानावर तारीख टाकली आणि म्हणाली, ''मामा, आज एकही सोडायचा नाही.'' त्या रात्री आमचे तीन सुटले. केली मात्र वाचली.