ले क्वात्रो व्होल्ते: ८८ मिनिटं, डायलॉग जवळपास शून्य
२०१० चा इटालियन पिक्चर, मिकेलांजेलो फ्रामार्तिनोचा. आम्ही चौघं बसलो बघायला, अर्ध्या तासात दोघं मोबाईलवर आणि एकाचं "अरे पुढे काय होणार ते तरी सांग". त्यांचंही चुकत नाही म्हणा, दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाच्या डोंगरात एक खोकणारा म्हातारा शेळ्या चारतो आणि औषध म्हणून चर्चमधली धूळ पाण्यात घालून पितो (आपला अंगाराच की!), मग तो जातो, मग एक करडू, मग झाड, मग त्या झाडाचा कोळसा, झाली स्टोरी. सबटायटल शोधत बसू नका, गरजच नाहीये.

पण तो कुत्र्याचा सीन! बाहेर ईस्टरची मिरवणूक, कुत्रा भुंकून भुंकून सगळ्यांना हैराण करतो, मग टेम्पोच्या चाकाखालचा दगड ओढतो आणि टेम्पो घरंगळत थेट शेळ्यांच्या कुंपणावर, सगळं एकाच शॉटमध्ये, मोबाईलवाले पण हसले. कळपापासून चुकलेलं करडू मोठ्या झाडाखाली बसतं तिथे मात्र मी गप्पच झालो. कोळशाची भट्टी जरा लांबलीये. माझ्याकडून चार स्टार, बायकोकडून दीड, तेही कुत्र्यासाठी.