मुळा-मुठेतले मासे, जुनी पुस्तकं आणि एक फुकट ग्रंथालय

पुण्यात गळ टाकणारे मोजके, त्यात माशांवरची जुनी पुस्तकं शोधणारे त्याहून कमी. त्यांना माझं कळकळीचं सांगणं: जुना बाजार पालथा घालण्याआधी ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ ही प्राणी-वनस्पतींवरच्या जुन्या पुस्तकांची साइट उघडा. एक पैसा लागत नाही.

मला हवं होतं कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं दख्खनच्या माशांवरचं लिखाण. ते तिथेच मिळालं. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या खंडात ते १८४१ साली छापलं गेलं. तीसेक पानं, शिवाय चित्रं. आपल्याकडच्या ज्या महसीरला आज ‘टॉर खुद्री’ म्हणतात, त्याचं शास्त्रीय वर्णन साइक्सनी पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून केलं. बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर उभं राहून आजचं पाणी बघा आणि मग ती पानं वाचा. पोटात तुटतं. प्रत्येक पुणेकराने ती वाचायलाच हवीत.

या साइटवर शोधायची सोय तर फारच छान. माशाचं शास्त्रीय नाव टाकलं की ते ज्या ज्या पुस्तकात, ज्या पानावर आलंय तिथे थेट जाता येतं. जुनं नावही टाकून बघा. साइक्सच्या वेळी हा मासा ‘बार्बस खुद्री’ होता. अख्खा ग्रंथ उतरवायची गरज नाही, हवी तेवढी पानं निवडून त्यांचीच पीडीएफ होते. फ्रान्सिस डे यांचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ (१८७५-७८) इथेच आहे. त्यातली चित्रं मोठी करून पाहिली की खवल्यांच्या ओळी मोजता येतात. पानशेतला पकडून परत सोडलेल्या माशाचा फोटो शेजारी ठेवून मी ओळख पटवतो ती याच चित्रांवरून.

गळ कसा टाकायचा हे वाचायचं असेल तर मात्र ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या दुसऱ्या फुकट साइटवर जा. मद्रास सिव्हिल सर्व्हिसमधल्या एच. एस. थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ तिथे मिळतं. पहिली आवृत्ती १८७३ची, मंगळूरला निघालेली. पुढच्या १८८१ आणि १८९७च्या. अशा जुन्या पुस्तकांच्या एकापेक्षा जास्त प्रती असतील तर उतरवण्याआधी चित्रांची पानं चाळा. घडीची पानं न उलगडताच स्कॅन केलेली असली तर ती प्रत सोडा, दुसरी बघा. नुसत्या मजकुराची फाइल घेऊ नका, अक्षरांचा पार चुथडा झालेला असतो. पीडीएफच घ्या.

आणि विकतच्या पुनर्मुद्रणाच्या नादी लागू नका. एका विक्रेत्याने मला चांगले पैसे घेऊन जी प्रत पाठवली, तिच्यात चित्रं गाळलेली होती आणि उजव्या कडेची अक्षरं कापली गेली होती. असा संताप झाला! त्यापेक्षा साइक्सची पानं मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल करून घेतली. चित्रांना जाड कागद सांगा, पातळ कागदावर मागची छपाई पुढे दिसते.