एचएलए टायपिंग: एसएसपी, एसएसओ, सँगर की एनजीएस?

एचएलए म्हणजे पेशींवरची ओळख सांगणारी प्रथिनं; प्रत्यारोपणाआधी पेशंटची आणि दात्याची ती कोणत्या प्रकारची आहेत हे शोधणं म्हणजे टायपिंग. नवी प्रत्यारोपण लॅब उभी करणारे मला हमखास विचारतात, “मशीन कुठलं घेऊ?” मी आधी विचारते, पेशंट कोण येणार आहेत? किडनीचे की बोनमॅरोचे? आणि रात्री-अपरात्री मेंदूमृत दात्याचे सॅम्पल येतील का? बाकी सगळं त्यावरून ठरतं.

सेरॉलॉजीवर, म्हणजे सीरममधल्या अँटिबॉडींनी टायपिंग करण्यावर, आमची पिढी शिकली. १९६४ पासून चालत आलेला टेरासाकी ट्रे: तेलाच्या थराखाली एक मायक्रोलिटर सीरम, त्यात जिवंत लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), मग सशाचं कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी चिकटलेली पेशी मारणारी प्रथिनं) आणि रंग. मेलेली पेशी रंग शोषून घेते. पण पेशी जिवंतच हव्यात, आणि केमो झालेल्या पेशंटच्या रक्तात त्या पुरेशा मिळायच्या नाहीत. शिवाय ए२ असा निकाल आला की त्यात ए*०२:०१ आणि आपल्या लोकांत बऱ्यापैकी आढळणारं ए*०२:११ हे जनुकाचे दोन वेगळे प्रकार एकाच नावाखाली जायचे. टायपिंगसाठी आता ही पद्धत नको. ट्रे मात्र टाकू नका, क्रॉसमॅचला (पेशंटचं सीरम दात्याच्या पेशींवर घालून बघायला) लागतात.

एसएसपीत ठरावीक प्रकारालाच चिकटणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) वापरून पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवतात. सामान साधं आहे. पीसीआर मशीन, जेल टँक, यूव्ही दिवा, प्रायमर भरलेले तयार ट्रे. तीन-चार तासांत निकाल हातात येतो, म्हणून रात्रीच्या कॉलला मी आजही हीच काढते. जेल वाचताना प्रत्येक खान्यात कंट्रोलची पट्टी आधी शोधायची. ती नसेल तर तो खाना फसलेला आहे, निगेटिव्ह नव्हे. सुरुवातीच्या दिवसांत मी असा एक खाना निगेटिव्ह धरला होता; सिनियर मॅडमनी पहाटे अख्खा ट्रे पुन्हा लावायला लावला, आणि बरोबरच केलं. बी२७ साठी (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेला प्रकार) किंवा फिट्सचं औषध कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी बी*१५:०२ (असेल तर त्वचेची गंभीर रिअॅक्शन येऊ शकते) बघायला एसएसपी पुरते. एका दिवशी वीस सॅम्पल आले तर मात्र कंबरडं मोडतं. रिअल-टाइम पीसीआरमध्ये जेलची कटकट नाही आणि वेळही आणखी कमी लागतो, पण किट महाग पडतं.

एसएसओ म्हणजे रंगीत मण्यांवर चिकटवलेले प्रोब (ठरावीक प्रकाराला जुळणारे डीएनएचे तुकडे) आणि ते वाचणारं ल्युमिनेक्स मशीन. ९६ खान्यांची प्लेट कामाच्या एका दिवसात होते. निकाल मध्यम खोलीचा, काही ठिकाणी दोन-चार शक्यता उरतात. नातेवाईक दात्याच्या किडनीला तेवढं चालतं. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते: पेशंटच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, हे सिंगल अँटिजेन मण्यांवर याच मशीनवर तपासता येतं. एका खर्चात दोन कामं.

सँगरला, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचणाऱ्या जुन्या पद्धतीला, वर्षानुवर्षं शेवटचा शब्द मानायचे. अडचण अशी की आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती एकत्रच वाचल्या जातात. एका जागी दोन शिखरं दिसली की कुठलं अक्षर कुठल्या प्रतीवरचं, हे कळत नाही. आज नव्याने यात पैसे घालू नका.

एनजीएस, म्हणजे डीएनए वाचण्याची नव्या पिढीची पद्धत, एकेक रेणू वेगळा वाचतं, आणि बहुतेक किटमध्ये जवळपास पूर्ण जनुक. सी*०४:०९एन घ्या. यातला बिघाड सातव्या एक्सॉनमध्ये (जनुकाच्या प्रथिन बनवणाऱ्या तुकड्यांपैकी एकात) आहे. फक्त दुसरा-तिसरा एक्सॉन वाचला तर रिपोर्टवर साधं सी*०४ दिसतं, पेशीवर मात्र ते प्रथिनच नसतं. बोनमॅरोत ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ यांची दहापैकी दहा जुळणी बघायची असते. नात्याबाहेरच्या दात्यासाठी तिथे तडजोड नको. मात्र निकालाला काही दिवस जातात, मशीनची एक फेरी (रन) भरेल इतके सॅम्पल साठावे लागतात आणि डेटा वाचणारा जाणता माणूस लागतो. नॅनोपोर नावाच्या सिक्वेन्सिंग मशीनने हेच काम काही तासांत होऊ लागलंय. ज्यांच्याकडे माणसं तयार आहेत त्यांनी ते जरूर बघावं.

किडनी हेच मुख्य काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रोजच्यासाठी ल्युमिनेक्सवर एसएसओ, रात्रीसाठी फ्रीझरमध्ये एसएसपीची किट, आणि बोनमॅरोचे सॅम्पल एनजीएस असलेल्या मोठ्या लॅबकडे. बोनमॅरोचं काम वाढलं की स्वतःचं एनजीएस घ्या, आधी नको.

आणि रक्त घेणाऱ्यांना पहिल्याच दिवशी बजावा: टायपिंगला जांभळ्या टोपणाची ट्यूब. हिरव्या टोपणातलं हेपॅरिन पीसीआर अडवतं, आणि मग कितीही महागडं मशीन असलं तरी पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागते.