पुरातत्त्व मायनर घ्यावा का? मराठवाड्यातल्या पोरापोरींसाठी रिव्ह्यू

माझा मेजर भूगोल आणि मायनर पुरातत्त्व, संभाजीनगरातल्या एका कॉलेजात. ज्युनिअर पोरं सारखी विचारायलेत म्हणून लिहायलोय, कॉलेजचं नाव टाकत नाही.

विषय एक नंबर आहे, आणि आपल्या भागात तर जास्तच, कारण वाचलेलं बघायला लांब जावं लागत नाही. सातवाहन शिकले की पैठण आहे, रोमन व्यापार आला की तेर आहे, जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात या दोन्ही गावांची नावं पैठाना आणि तगरा अशी येतात. तेरचं लामतुरे म्युझियम तर बघाच, गावातल्याच माणसाने पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेल्या वस्तू जपून ठेवल्या त्यातून ते उभं राहिलंय, हस्तिदंती बाई, मणी, मातीच्या मूर्ती, सगळं तिथलंच. हे बघितल्यावर माळवदावर टाकायला आणि शेतात पसरायला लोक पांढरीची माती खणून नेतात त्यात काय काय जात असेल हा विचार डोक्यातून जातच नाही.

सगळ्यात भारी म्हणजे ब्राह्मी, जुन्या शिलालेखांची लिपी. सुरुवातीला अक्षरं गिरवताना वैताग येतो पण मग कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना गेलो आणि चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या लेण्याच्या, खांबावर पैठणच्या मितदेवाने हा खांब दान दिला असं एकेक अक्षर जुळवत वाचलं, घराणं गंधिक म्हणजे अत्तरं-सुगंधाचा धंदा करणारं, दोन हजार वर्षांपूर्वीचा आपल्याच भागातला दुकानदार समोर उभा राहिल्यासारखं झालं. नुसत्या राजांच्या सनावळीत हे कुठं मिळतं?

उत्खननात मातीचे थर लागतात तो भाग नीट समजून घ्या, खालचा थर जुना हे सोपं वाटतं पण नंतर कुणी खड्डा केला, उंदराने बीळ केलं की वरची वस्तू खाली जाते, मग खापर कुठल्या थरात सापडलं एवढ्यावर काळ सांगता येत नाही. वस्तूचं वय काढायचं कार्बन डेटिंग पण आहे, कार्बन-14 चं अर्धायुष्य 5730 वर्षं वगैरे, आर्ट्सवाल्यांनी घाबरू नका, गणित फार नाही.

आता तक्रार. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे बराच वेळ पीपीटी. खापराच्या काठावरून पूर्ण भांड्याचं ड्रॉइंग कसं काढायचं हे हातात खापर घेतल्याशिवाय कळतच नाही, आणि आमच्या डिपार्टमेंटला खापरं होती पण कपाटात बंद. फील्ड व्हिजिटसाठी पण आम्हालाच मागं लागावं लागलं. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत, मराठी माध्यमाच्या पोरांना पहिलं सेमिस्टर जड जातं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी सिनिअरला दोनच गोष्टी विचारा, साइटवर नेतात का आणि खापरं हाताळू देतात का. दोन्हीला नाही म्हणले तर दुसरं कॉलेज बघा, विषय सोडू नका. नुसत्या मायनरवर नोकरी लागणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, पुढं एमए करावं लागतं, त्यासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज आहे, मी पण तिथलीच तयारी करायलोय.