विशेष शाळा की घराजवळची शाळा?

घणसोलीतील एका परिचित कुटुंबापुढे, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलीला विशेष शाळेत घालावे की घराजवळच्या सर्वसाधारण शाळेत, असा प्रश्न आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने अपंग मुलांसाठी अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाची तरतूद केली, तरी त्यातील अपंगत्वाच्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने प्रकारांची संख्या २१ वर नेली आणि किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलांना विशेष किंवा घराजवळच्या, यांपैकी पसंतीच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. त्यामुळे खर्चाच्या निकषावर, निदान कागदोपत्री, दोन्ही पर्याय सारखेच ठरतात.

खरा फरक आधाराचा आहे. वाशीतील नवी मुंबई महापालिकेच्या ईटीसी (अपंगांसाठीच्या शिक्षण-प्रशिक्षण) केंद्रासारख्या ठिकाणी शिक्षण आणि उपचारसेवा एकत्र मिळतात, तर सर्वसाधारण शाळेत विशेष शिक्षक रोज उपलब्ध असेलच असे नाही. माहितीपत्रकातील ‘सर्वसमावेशक’ या विशेषणावर न विसंबता मुख्याध्यापकांनाच ते विचारावे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक या सवलतींची तरतूद मात्र सर्वसाधारण शाळेतील मुलांसाठीही आहे. प्रवास आणि शेजारपाजारची मैत्री यांत जवळची शाळा उघडच सरस.

संवाद आणि दैनंदिन कौशल्यांसाठी रोज सखोल मदत लागणाऱ्या मुलाला विशेष शाळा योग्य. थोड्या बदलांसह अभ्यासक्रम पेलणाऱ्याला घराजवळची.